फोन बिघडला, सिम बिघडलं की सर्वर? आधी दुखणं ओळखा, मग औषध करा



आजचा मेसेज रोजच्या हवामान आणि बाजारभावाच्या मेसेजपेक्षा बराच लांब आहे. आता वेळ नसेल तर मेसेजवर बोट दाबून धरा, वर चांदणीचं चिन्ह येईल, ते दाबा. मेसेज जपून राहील. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा. घरात फोन मुलगा किंवा सूनबाई चालवत असतील तर त्यांनाही वाचायला द्या.

मागच्या कापूस हंगामातली गोष्ट. आपले एक सभासद सकाळी सकाळी ऑफिसात आले. म्हणाले, "भाऊ, कालपासून ओटीपीच येऊन नाही राहिला. उद्याचा स्लॉट घ्यायचा आहे." फोन हातात घेतला तर आत काहीच नाही. फोटो नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप नाही, बँकेचं अ‍ॅप नाही. विचारलं तर कळलं की आदल्या दिवशी दुपारी त्यांनी जुनं घासलेलं सिम बदलून त्याच नंबरचं नवीन सिम घेतलं होतं. संध्याकाळी ओटीपी आला नाही. म्हणून ते मोबाईलच्या दुकानात गेले. तिथल्या पोरानं "सॉफ्टवेअर गेलं" म्हणून पूर्ण फोन रीसेट करून दिला, वर पैसेही घेतले. ओटीपी तरीही आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ओटीपी आपोआप सुरू झाला, कोणी काही न करता.

झालं होतं असं की सिम बदललं की पहिले 24 तास त्या नंबरवर एसएमएस येणं-जाणं बंद असतं. आपल्या नावावर चोरट्यानं दुसरं सिम काढलं तरी त्याला लगेच आपले ओटीपी मिळू नयेत, म्हणून दूरसंचार विभागानंच ही सोय केली आहे. म्हणजे फोन ठणठणीत होता, सिमही ठणठणीत होतं. फक्त एक दिवस थांबायचं होतं. त्याऐवजी व्यापाऱ्यासोबतचं बोलणं, काटापट्ट्यांचे फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ, सगळं गेलं.

असे फोन हंगामात रोज येतात. म्हणून हा मेसेज.

आधी दोन मिनिटं तपासा

फोनवर काम अडलं की दुखणं पाचपैकी एका ठिकाणी असतं: हँडसेट, सिम, गावातलं नेटवर्क, समोरचा सर्वर, नाहीतर आपले कागद. कोणत्या ठिकाणी आहे ते घरबसल्या कळतं.

त्याच फोनवर यूट्यूबचा एखादा व्हिडिओ लावून पाहा. चालला तर इंटरनेट आहे. मग शेजाऱ्याच्या फोनवर तेच सरकारी अ‍ॅप उघडून पाहा. त्याचंही अडलं असेल तर दुखणं सर्वरचं आहे, तुमच्या फोनला हात लावू नका. शेजाऱ्याचं चाललं आणि तुमचं नाही चाललं, तर दुखणं तुमच्या फोनमध्ये. व्हिडिओच चालत नसेल तर फोन एकदा विमान मोडवर टाकून दहा सेकंदांनी काढा, रिचार्ज संपला का ते पाहा, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या कोणाला तरी विचारा. आणि अ‍ॅप नीट चालतं, ओटीपीही येतो, पण शेवटी लाल अक्षरात "नाव जुळत नाही" किंवा "नोंद सापडली नाही" असं येतं, तेव्हा तो बिघाड फोनचा नसतो. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं. वडिलांच्या नावात एक मात्रा इकडची तिकडे. त्यावर इलाज तलाठी कार्यालयात किंवा आधार केंद्रात आहे, मोबाईलच्या दुकानात नाही.

लाल अक्षरातला तो मजकूर न वाचताच बरेच जण मागे जातात. इंग्रजीत असला तरी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पॉवरचं बटन आणि आवाज कमी करायचं बटन एकदम दाबलं की बहुतेक फोनमध्ये निघतो. निम्मं निदान त्या एका ओळीत असतं.

दुखणं कळेपर्यंत चार गोष्टी करू नका: फोन रीसेट, अ‍ॅप काढून परत टाकणं, नवीन सिम घेणं, आणि पासवर्डसकट फोन दुसऱ्याच्या हातात देणं. या चारही गोष्टी केल्या की परतीचा रस्ता नाही.

ओटीपी येत नाही

सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच. पहिला प्रश्न: ओटीपी कोणत्या नंबरवर जातो आहे? शेतकरी ओळख क्रमांक, कपास किसान, पीएम किसान, यांच्या नोंदणीत आधारचा ओटीपी लागतो तेव्हा तो आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. तुम्ही आज वापरता त्या नंबरवर जाईलच असं नाही. आधार काढलं तेव्हा अनेकांनी मोठ्या भावाचा, पुतण्याचा, नाहीतर तेव्हाचा स्वस्त ऑफरवाला नंबर दिला होता. स्क्रीनवर नंबरचे शेवटचे आकडे दिसतात, ते आधी पाहा. आकडे ओळखीचे नसतील तर दहा वेळा बटन दाबून काही होणार नाही.

तो जुना नंबर बंद पडला असेल तर उशीर करू नका. प्रीपेड नंबर 90 दिवस कसल्याच कामासाठी वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जातो. म्हणजे तुमच्या आधारचे, बँकेचे मेसेज कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजू शकतात. आधारला नवीन नंबर आधार केंद्रावर जोडून मिळतो. पोस्टमनमार्फतही ही सेवा मिळते, आपल्या टपाल कार्यालयात विचारा. चौकशीसाठी 1947 हा आधारचा क्रमांक आहे. नंबर जोडला की लगेच त्याच तासाला काम करायला बसू नका, थोडा वेळ लागतो.

नंबर बरोबर आहे आणि तरी ओटीपी नाही, असं असेल तर पुढचं पाहा. फोनमध्ये दोन सिम असतील तर ते सिम बंद करून ठेवलं नाही ना? घरातली पोरं डेटा वाचवायला एक सिम बंद करतात आणि विसरतात. रिचार्जची मुदत संपली नाही ना? मेसेजच्या अ‍ॅपमध्ये "स्पॅम आणि ब्लॉक केलेले" असा कप्पा असतो, बरेचदा ओटीपी तिथे जाऊन बसतो. फोनची जागा गच्च भरली असेल तरी मेसेज उतरत नाहीत. आणि सिम गेल्या 24 तासांत बदललं असेल तर वर सांगितलंच.

आणखी एक चूक. ओटीपी उशिरा येतो म्हणून माणूस "पुन्हा पाठवा" तीन-चार वेळा दाबतो. मग चार ओटीपी एकदम येतात आणि तो पहिला टाकतो. चालतो फक्त शेवटचा. एकदा दाबा, दोन मिनिटं थांबा, मोकळ्या जागेत या, मग परत दाबा.

म्हणून सभासदांना आमचं सांगणं आहे: सिम बदलायचं असेल, कंपनी बदलायची असेल, नवीन फोन घ्यायचा असेल, तर वेचणी सुरू होण्याच्या आत करा. दसऱ्याच्या ऑफरमध्ये फोन घेतला आणि दिवाळीच्या आधी नोंदणी अडली, असं दर वर्षी होतं. सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्टही करता येत नाही, 1 जुलै 2024 पासून तसा नियम आहे.

ई-पीक पाहणी: लोकेशन आणि फोटो

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर पेऱ्याची नोंद आपल्याच फोनवरून करायची पद्धत सुरू झाली. सुरुवातीला अनेकांना वाटलं, हे तलाठी साहेबांचं काम आपल्या गळ्यात पडलं. आता कळतं की ही नोंद नसेल तर सातबाऱ्यावर पेरा कोरा राहतो, आणि मग हमीभावाची खरेदी, नुकसानीची मदत, पीक विमा, सगळीकडे तोच कोरा रकाना आडवा येतो. म्हणून हे अ‍ॅप अडलं तर सोडून देऊ नका.

"मी वावरातच उभा आहो, आणि अ‍ॅप म्हणून राहिलं तुम्ही गटापासून दूर आहात!" ही तक्रार दर्यापुरातूनही येते आणि अकोटातूनही. कारणं बहुतेक वेळा साधी असतात. सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेशन चालू आहे का पाहा. त्या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी देताना "अचूक स्थान" चालू ठेवा. "अंदाजे स्थान" दिलं तर फोन अ‍ॅपला नेमकी जागा सांगतच नाही. बॅटरी बचत मोड बंद करा, तो चालू असला की फोन जागा शोधायला आळस करतो. मग झाडाखालून, गोठ्यातून, गाडीतून बाहेर येऊन उघड्या आभाळाखाली उभे राहा. मोर्शी-वरुडच्या संत्रा बागांत दाट सावलीत हा त्रास जास्त होतो. आता आधी गुगल मॅप उघडा आणि निळा ठिपका पाहा. ठिपक्याभोवती निळसर मोठं वर्तुळ असेल तर फोनला अजून नीट जागा सापडली नाही. दोन-तीन मिनिटं थांबा, वर्तुळ आक्रसून लहान होईल. ठिपका तुमच्या वावरावर येऊन बसला की मगच पीक पाहणीचं अ‍ॅप उघडा.

ठिपका बरोबर तुमच्या धुऱ्याच्या आत आहे, आणि तरी अ‍ॅप दूर म्हणतं, तर मग फोन खरा आणि नकाशातला गट सरकलेला. हा दोष तुम्हाला दुरुस्त करता येणार नाही. गुगल मॅपच्या ठिपक्याचा आणि अ‍ॅपच्या संदेशाचा, दोन्ही स्क्रीनशॉट काढा आणि तलाठी कार्यालयात किंवा गावच्या पीक पाहणी सहायकाला दाखवा. तोंडी सांगितलेलं उद्या कोणाच्या लक्षात राहात नाही, फोटो राहतो.

जागा शोधायला इंटरनेट लागत नाही, ते काम उपग्रहावरून होतं. इंटरनेट लागतं ते माहिती पाठवायला. म्हणून धारणी, चिखलदऱ्याकडच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या सभासदांनी वावरात माहिती भरून, फोटो काढून जतन करावं आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करावं. पण इथे एक मोठा खड्डा आहे. अपलोड व्हायच्या आत अ‍ॅप काढून परत टाकलं, किंवा सेटिंग्जमधून "डेटा साफ करा" दाबलं, तर वावरात जाऊन केलेलं काम फोनमधून पुसलं जातं. अ‍ॅप अडखळत असेल तर "कॅशे साफ करा" एवढंच दाबा. कॅशे म्हणजे अ‍ॅपचा केरकचरा, डेटा म्हणजे घरातलं सामान. दोन्ही बटनं शेजारी शेजारी असतात, म्हणून बघून दाबा.

अपलोड फिरत राहिलं, पुढे सरकत नाही, तर आधी फोनची तारीख आणि वेळ पाहा. हे ऐकायला विचित्र वाटतं. पण बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला की काही फोनमध्ये वेळ चुकते, आणि चुकीच्या वेळेच्या फोनशी सर्वर सुरक्षित जोडणीच करत नाही. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ "आपोआप" वर ठेवा. वेळ बरोबर असेल तर मग बहुधा सर्वरवर गर्दी आहे. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सगळं राज्य एकदम तिथे उभं असतं. पहाटे पाच-सहाला किंवा रात्री दहानंतर प्रयत्न करा. खरं तर मुदतीच्या पहिल्या पंधरवड्यातच करून मोकळे व्हा, पण हे आम्ही दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी शेवटच्या दोन दिवसांत ऑफिसचा फोन वाजत राहतो.

कपास किसान, अंगठा आणि चेहरा

2025-26 च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळानं, म्हणजे आपण ज्याला सीसीआय म्हणतो त्यांनी, कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी आणि स्लॉटची पद्धत आणली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये क्विंटल होता. खुल्या बाजारात खेडा खरेदीवाला काय भाव देत होता ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. एका क्विंटलमागचा फरक धरा आणि आपल्या गाडीत किती क्विंटल बसतो त्यानं गुणा. फोन अडल्याची किंमत तेवढी.

इथे लक्षात ठेवा: नोंदणी झाली म्हणजे काम झालं असं नाही. कागद तपासून मंजुरी मिळाल्यावरच स्लॉट घेता येतो. त्यामुळे "अ‍ॅपमध्ये स्लॉटचं बटनच दिसत नाही" म्हणून फोन रीसेट करण्याआधी आपली नोंदणी मंजूर आहे की थांबलेली आहे ते त्याच अ‍ॅपमध्ये पाहा. अपलोड केलेला सातबाऱ्याचा फोटो धूसर असला तर नोंदणी तिथेच अडकते. कागद टेबलावर ठेवून, दिवसाच्या उजेडात, सावली न पाडता फोटो घ्या. कॅमेऱ्याची काच आधी धोतरानं, पदरानं कशानंही पुसा. खिशातल्या घामानं ती कायम मळलेली असते.

आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. दोन-तीन बँकांत खाती असलेल्यांनी आपलं आधार कोणत्या खात्याशी जोडलं आहे ते बँकेत विचारून ठेवा. "पैसे आलेच नाहीत" म्हणून आलेले एक दादा आमच्यासमोरच जुन्या, विसरलेल्या खात्याचं पासबुक भरून आले आणि पैसे त्यात निघाले.

अंगठा उमटत नाही ही तक्रार वेचणीच्या दिवसांत वाढते. बोंडाच्या काट्यांनी बोटं ओरखडलेली असतात, खतानं कातडी कोरडी पडलेली असते. हात धुऊन, किंचित तेल किंवा पाणी लावून पुसा आणि दुसरं बोट लावून पाहा. नाहीच जमलं तर जिथे सोय आहे तिथे चेहऱ्यावरून पडताळणी करा. पीएम किसानच्या अ‍ॅपमध्ये ही सोय 2023 पासून आहे. त्यासाठी आधार फेस आरडी हे अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घ्यावं लागतं. ते उघडून पाहिलं तर काहीच दिसत नाही, म्हणून लोक ते काढून टाकतात. काढू नका, ते मागून काम करतं. चेहरा दाखवताना उजेड समोरून हवा. दाराकडे पाठ करून बसलात तर चेहरा काळा दिसतो.

फोनवरचे पैसे

फोन पे, गुगल पे, भीम, काहीही वापरत असाल, नवीन फोनमध्ये सुरू करताना तुमच्या सिमवरून बँकेला एक एसएमएस आपोआप जातो. तो गेला नाही तर "सिम पडताळणी अयशस्वी" येतं. बँकेचा नंबर असलेलं सिम त्याच फोनमध्ये पाहिजे, त्याची वैधता चालू पाहिजे, आणि दोन सिम असतील तर योग्य सिम निवडलं पाहिजे. बाकी काही नाही.

पैसे खात्यातून कापले गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर घाबरून दुसऱ्यांदा पाठवू नका. कृषी केंद्रवाल्याला दोनदा पैसे गेल्याच्या तक्रारी याच घाईतून होतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले आणि अडकलेले यूपीआयचे पैसे पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्याहून उशीर झाला तर बँकेनं दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची आहे. अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा आणि व्यवहार क्रमांक लिहून ठेवा.

उलट बाजूही आहे. संत्र्याचा, बकऱ्यांचा, कुटाराचा सौदा करताना घेणारा स्वतःच्या फोनवर "पैसे गेले" असं दाखवतो. त्याच्या स्क्रीनवर काय दिसतं याला काही अर्थ नाही, तसं चित्र बनवून देणारी अ‍ॅप बाजारात आहेत. बँकेच्या नावानं आलेला एसएमएससुद्धा खोटा असू शकतो. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली की मगच गाडी सोडा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन विचारला म्हणजे पैसे तुमचे जाणार आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल

हा भाग नीट वाचा, बाकीचा सोडला तरी चालेल.

"पीएम किसान यादी", "आरटीओ चलान", "लग्नाचं आमंत्रण" अशा नावाची फाइल येते. नावाच्या शेवटी एपीके अशी तीन अक्षरं असतात. ती यादी नसते, पत्रिका नसते. ते अ‍ॅप असतं, आणि ते तुमच्या फोनमध्ये बसल्यावर येणारे एसएमएस वाचून चोरट्याकडे पाठवतं. ओटीपी तुम्ही कोणालाही सांगितला नाही तरी त्याला मिळतो. आपल्या एका सभासदाला अशी फाइल चुलत भावाच्या नंबरवरून आली होती, म्हणून त्यांनी विश्वासानं उघडली. भावानं पाठवलीच नव्हती. भावाचा फोन आधीच पकडला गेला होता आणि फाइल स्वतःच सगळ्या ग्रुपवर फिरत होती. त्यांच्या खात्यात नुकतीच सोयाबीनची रक्कम जमा झाली होती. हंगामात आपल्या खात्यात पैसा असतो, हे चोरट्यांनाही माहीत आहे.

कोणतंही सरकारी खातं व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅप पाठवत नाही. आपली कंपनीही पाठवत नाही, कधीच पाठवणार नाही. या नंबरवरून अशी फाइल आलीच तर आमचा फोन हॅक झाला असं समजा आणि ऑफिसला फोन करा.

फाइल नुसती आली असेल तर पुसून टाका, काही होत नाही. डाउनलोड झाली पण इन्स्टॉल केली नाही, तरी पुसून टाका. इन्स्टॉल केली असेल तर क्षणाचाही विचार न करता विमान मोड लावा आणि वायफायही बंद करा, म्हणजे त्या अ‍ॅपचं चोरट्याशी बोलणं तुटतं. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खातं आणि यूपीआय थांबवायला सांगा आणि 1930 ला फोन करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे गेले असतील तर पहिल्या तास-दोन तासांत केलेल्या तक्रारीला फार किंमत आहे, कारण पैसा तेव्हा कुठल्या तरी खात्यात अडवता येतो. पोलीस ठाण्यात जायला गाडी बघू, उद्या जाऊ, असं करू नका. आधी 1930, मग ठाणं. लाज तर मुळीच वाटू देऊ नका, शिकलेसवरलेले लोकही यात सापडले आहेत.

आणि इथे मात्र रीसेट हेच औषध आहे. अशी अ‍ॅप स्वतःचं चित्र लपवून बसतात, नुसती काढून समाधान होत नाही. बँकेचं काम झाल्यावर, जरुरीचे फोटो आणि कागद बाजूला काढून, फोन पूर्ण रीसेट करा आणि पिन, पासवर्ड सगळे नवीन करा.

जागा भरली, फोन गरम, चार्जिंग होत नाही

"फोन हळू चालते" म्हणून आणलेल्या दहापैकी आठ फोनांत जागा संपलेली असते, आणि ती सुप्रभातच्या चित्रांनी आणि ग्रुपवरच्या व्हिडिओंनी खाल्लेली असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये "स्टोरेज आणि डेटा", मग "स्टोरेज मॅनेज करा" असं आहे. तिथे मोठ्या फाइल वर दिसतात, त्या पुसा. तिथेच मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. पुसण्याआधी सातबारा, पासबुक, काटापट्टी, पीक विम्याची पावती यांचे फोटो स्वतःलाच एका वेगळ्या चॅटमध्ये पाठवून त्या चॅटला पिन करा, आणि गुगल ड्राइव्हवरही ठेवा.

चार्जिंग होत नसेल तर केबल बदलून पाहा, आणि मग टॉर्च लावून फोनच्या चार्जिंगच्या छिद्रात बघा. आपल्याकडे हा अस्सल वऱ्हाडी आजार आहे: वेचणीच्या दिवसांत खिशात फोन, खिशात सरकी आणि कापसाचे तंतू. ते तंतू छिद्रात दाबून दाबून बसतात आणि पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करा आणि लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं काढा. सुई, टाचणी, तार घालू नका. दुकानात चार्जिंग पोर्ट बदलायचे पैसे सांगितलेले फोन आमच्या टेबलावर टूथपिकनं सुरू झाले आहेत.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, फोनची बॅटरी त्यासाठी बनलेली नसते. ट्रॅक्टरच्या बोनेटवर, गाडीच्या काचेखाली, पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला फोन ठेवू नका. फोन तापून स्वतः चार्जिंग थांबवतो, तो बिघाड नाही, तो जीव वाचवतो आहे. सावलीत ठेवा, कव्हर काढा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं असेल तर त्या दिवसापासून चार्जिंग बंद, आणि फोन दुकानात.

पावसात भिजला तर लगेच बंद करा आणि वाळेपर्यंत चार्जर लावू नका. तांदळात ठेवून फायदा होत नाही, उलट कोंडा आत जातो. पंख्याखाली ठेवा.

फोन हरवला तर

आजच, आत्ता, डायलवर *#06# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसेल, दोन सिमच्या फोनला दोन दिसतील. तो कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा. फोन बाजारात किंवा एसटीत गेला तर आधी बँकेला कळवून यूपीआय थांबवा, मग सिम बंद करून त्याच नंबरचं नवीन घ्या, पोलिसांत तक्रार द्या, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करा. मे 2023 पासून ही सोय देशभर आहे. फोन सापडला तर ब्लॉक काढताही येतो. नवीन सिमवर 24 तास ओटीपी येणार नाही हे तोपर्यंत तुम्हाला पाठ झालं असेलच.

अडचण कळवताना

ऑफिसला "अ‍ॅप चालत नाही" एवढाच व्हॉइस मेसेज पाठवू नका. कोणतं अ‍ॅप, लाल अक्षरात काय आलं त्याचा स्क्रीनशॉट, फोन कोणत्या कंपनीचा, आणि सिम गेल्या दोन दिवसांत बदललं का, एवढं सांगा. स्क्रीनशॉटमध्ये आधारचा पूर्ण नंबर किंवा ओटीपी दिसत असेल तर फोटो एडिट करून त्यावर काळी रेघ ओढा. आमच्याकडचा कोणीही माणूस तुम्हाला ओटीपी किंवा पिन विचारणार नाही. ऑफिसात आलात तर तो स्वतःच्या बोटांनी टाका, आम्ही तोंड फिरवून बसू.

कंपनी कार्यालय, सभासद सेवा